घरालाही टोपी हवी!

मित्रांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत भर दुपारी तुम्ही खेळायला निघालात की घरातून हमखास हाक येते, "अरे, डोक्यावर टोपी घाल! ऊन लागेल!" आणि खरंच आहे ते. उघड्या डोक्याने दुपारभर उन्हात हिंडलं की डोकं तापतं, गरगरायला लागतं. पण तुम्ही एक गोष्ट कधी मनात आणली आहे का? तुमचं घर तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हातच उभं असतं. ते बिचारं सावलीत पळू शकत नाही की रसवंतीगृहात जाऊन उसाचा रस पिऊ शकत नाही. मग त्याच्या डोक्यावर टोपी कोण घालणार?

मुंबईची उपनगरं घ्या. गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, किंवा त्यापलीकडची ठाणे, डोंबिवली, कल्याण. १९६० ते १९८५ च्या सुमारास इथे तीन-चार मजली इमारती भराभर उभ्या राहिल्या. लिफ्ट नाही, वर सपाट सिमेंटची गच्ची. त्या वेळी घर मिळालं हाच मोठा आनंद होता. छतातून किती उष्णता आत येईल याचा हिशेब कोण करणार? आज त्या इमारतींची चाळिशी-पन्नाशी उलटली आहे. त्यातल्या सर्वांत वरच्या मजल्यावर तुमचा एखादा मित्र किंवा मैत्रीण राहत असेल तर त्यांना मे महिन्यातल्या रात्रीबद्दल विचारा. ते सांगतील, रात्रीचे दहा वाजले तरी भिंतीला हात लावला की गरम लागते. गादी गरम, उशी गरम आणि पंखा लावावा तर तो वरून गरम हवाच खाली ढकलतो! आजीला झोप येत नाही, धाकटं बाळ रडत राहतं आणि सकाळी सगळेच चिडचिडे होऊन उठतात.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही बरं का. वयस्कर माणसं, लहान बाळं आणि आजारी माणसं यांच्या शरीराला रात्री थंड व्हायला सवड मिळाली नाही, तर त्यांच्या जिवालाही धोका होऊ शकतो. म्हणून घराच्या टोपीचा विचार गंमत म्हणून नाही, गांभीर्याने करायचा. चला तर मग!

ऊन डोक्यावर कधी येतं?

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही शिकला असाल की उष्णता तीन प्रकारांनी प्रवास करते: वहन, अभिसरण आणि प्रारण. परीक्षेसाठी पाठ केलेल्या या तीन शब्दांचा तुमच्याच घरात रोज खेळ चालू असतो.

सूर्याची उष्णता प्रारणाने गच्चीवर येऊन पडते. गच्चीचा स्लॅब तापतो. काळपट गच्ची मे महिन्याच्या दुपारी ६० अंश सेल्सिअसलाही पोहोचू शकते. अनवाणी पाय ठेवलात तर चटकन उचलाल! मग ही उष्णता वहनाने स्लॅबच्या वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे झिरपत येते. आणि तापलेलं छत तुमच्यावर पुन्हा प्रारण सुरू करतं, अगदी भाकरीच्या तापलेल्या तव्यासारखं. त्याशिवाय छताला लागून असलेली हवा तापते, आणि ती गरम हवा पंखा खाली ढकलतो.

आता एक गंमत पाहा. चार-पाच इंच जाडीच्या स्लॅबमधून उष्णता आत पोहोचायला तीन-चार तास लागतात. म्हणजे दुपारी एक वाजता गच्चीवर पडलेलं ऊन तुमच्या खोलीत 'पोहोचतं' संध्याकाळी चार-पाच वाजता! आणि तापलेला स्लॅब लगेच निवत नाही. सूर्य मावळतो, बाहेर वारा सुटतो, पण छत मात्र साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत बसतं. बाहेर गार आणि घरात गरम, असं का होतं त्याचं उत्तर हेच.

पण भिंती सोडून छताचंच एवढं कौतुक का? कारण उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ आपल्या डोक्यावर असतो. मुंबईत १५ मेच्या सुमारास एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. याला 'शून्य सावली दिवस' म्हणतात. महाराष्ट्रात बहुतेक सगळीकडे हा दिवस मे महिन्यातच येतो. सूर्य इतका वर असताना दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम चाटून जातं. सगळा मारा होतो तो छतावर, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. म्हणून घर थंड करायचं तर सुरुवात वरून करायची. आधी टोपी, मग सदरा!

घोंगडी ऊब देते का?

आमच्या चौथीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "घोंगडी ऊब देते का रे?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "हो...!" मग मी विचारलं, "मग बर्फाच्या लादीभोवती घोंगडी गुंडाळली तर काय होईल?" "बर्फ लवकर वितळेल!" असं निम्म्या वर्गाने सांगितलं. उरलेले निम्मे विचारात पडले. तुम्हाला काय वाटतं?

बर्फ विकणारे काका बर्फाची लादी भुश्यात आणि गोणपाटात ठेवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. भुसा बर्फाला 'ऊब' देत असता तर त्यांचा धंदा केव्हाच बुडाला असता! खरी गोष्ट अशी की घोंगडी स्वतः ना गरम असते, ना थंड. ती फक्त उष्णतेची वाट अडवते. थंडीत आपल्या अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि बर्फाभोवती असली तर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. पहारेकरी एकच, तो कुठल्या बाजूने येणाऱ्याला अडवेल, ते तुम्ही त्याला कुठे उभं करता त्यावर ठरतं.

या पहारेकऱ्याची ताकद किती, त्याची एक खरी गोष्ट सांगतो. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचं जहाज कोलकात्याला निघालं. त्यात काय होतं? तळ्यांवर गोठलेला सुमारे १८० टन बर्फ! तेव्हा शीतकपाट नव्हतं, यंत्राने बर्फ करणं नव्हतं. जहाज चार महिने समुद्रावर होतं आणि वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडून आलं. तरीही कोलकात्याला पोहोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. कशामुळे? भुश्यासारख्या कोरड्या दुर्वाहक वस्तूंच्या जाड वेष्टणामुळे. पुढे मुंबईतही असा बर्फ जहाजाने येऊ लागला, आणि तो साठवायला गोदीजवळ एक खास इमारत बांधली गेली.

भुसा, लोकर, कापूस, नारळाचा काथ्या, थर्मोकोल या सगळ्यांत सारखं काय आहे सांगा बरं? त्यांच्या आत अडकलेली हवा! हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पण ती मोकळी असली की गरम होऊन वर जाते, थंड होऊन खाली येते आणि उष्णता वाहून नेते. तिला छोट्या छोट्या कप्प्यांत कोंडून ठेवलं की ती निमूट बसते. अशा थराला म्हणायचं उष्णतारोधक थर.

आकड्यांत सांगायचं तर सिमेंट-काँक्रीटमधून उष्णता जितक्या सहज जाते, तिच्या साधारण चाळीसाव्या भागाइतकीच ती थर्मोकोलमधून जाते. म्हणजे एक इंच थर्मोकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट किती जाड लागेल? करा हिशेब! चाळीस इंच, म्हणजे तीन फुटांहूनही जास्त. आणि आपला स्लॅब असतो चार-पाच इंचांचा. आता कळलं ना, वरच्या मजल्यावरचे लोक का भाजून निघतात?

नागपूरचा उपाय मुंबईत का चालत नाही?

आमचे विदर्भातले वाचक म्हणतील, "त्यात काय? वाळ्याचे पडदे लावा, त्यांवर पाणी शिंपडा, नाहीतर कूलर लावा!" नागपुरात हे छान चालतं. तिथली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. पाणी चटकन वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी थंड होतं ते असंच.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा या किनारपट्टीच्या भागात मात्र हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. भिजलेला टॉवेल आणखी पाणी कसा शोषणार? तिथे कूलर लावला तर गारवा कमी आणि चिकचिक जास्त! आपला घामही वाळत नाही. म्हणूनच मुंबईचा पारा चाळिशी क्वचितच ओलांडत असला, तरी तिथला उकाडा जीव नकोसा करतो. उष्ण आणि दमट हवेत उष्णता घरात शिरल्यावर तिला हाकलणं कठीण. तेव्हा शहाणपण यात आहे की तिला आत शिरूच द्यायचं नाही.

पण दमट हवेचा आणखी एक खोडसाळपणा असतो. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून 'घाम' सुटतो ना? तो तांब्यातून पाझरलेला नसतो. हवेतलं बाष्प थंड पृष्ठभागाला लागून त्याचं पाणी होतं. वातानुकूलन यंत्र लावलेल्या खोलीची थंड भिंत किंवा छत हे असंच एक मोठा तांब्या असतं. उष्णतारोधक थर चुकीच्या पद्धतीने बसवला, फटी राहिल्या, की बाष्प आत शिरून थंड जागी त्याचं पाणी होतं. मग ओल येते, काळी बुरशी धरते, कुबट वास येतो. त्याहून वाईट म्हणजे ओला झालेला थर उष्णता अडवायचं कामच सोडून देतो! कारण ज्या कप्प्यांत हवा होती, तिथे पाणी भरलं. आणि पाण्यातून उष्णता हवेपेक्षा वीसपटीहून अधिक सहज जाते. म्हणून आपल्याकडचा पहिला नियम लक्षात ठेवा: रोधक थर कोरडा, तरच तो रोधक.

पाच पायऱ्या

जुन्या घराला टोपी घालायची तर क्रमाने जायचं. हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

पहिली पायरी, सावली. ऊन स्लॅबवर पडलंच नाही तर अर्धी लढाई जिंकली. पूर्वीच्या घरांना हे ठाऊक होतं. पार्ल्यातल्या जुन्या बंगल्यांवर मंगळुरी कौलं असत. ही कौलं मंगळूरला बासल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून होऊ लागली आणि पार पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौलांखाली लाकडी तक्तपोशी, मध्ये हवेची पोकळी आणि कौलांच्या फटींतून गरम हवेला वर जायला वाट. कौलं स्वतः तापत, पण घराला छत्रीसारखी सावली देत, आणि रात्री झटकन निवत. आज अनेक इमारतींच्या गच्चीवर पावसासाठी पत्र्याची शेड घालतात. तीही छत्रीचंच काम करते, मात्र पत्रा आणि गच्ची यांच्यामध्ये बाजूंनी वारा खेळता हवा. शेडसाठी महापालिकेची परवानगी लागते, ती आधी घ्यायची. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा बांबूचा चिक हवा. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं!

दुसरी पायरी, पांढरा रंग. उन्हाळ्यात आपण पांढरे कपडे का घालतो? पांढरा रंग ऊन परत पाठवतो. गच्चीलाही हाच नियम. चुन्याचा जाड हात दिला तरी स्लॅब बराच कमी तापतो, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. खास उष्णता परतवणारे पांढरे रंगही मिळतात. ते अधिक टिकतात. गुळगुळीत पांढऱ्या लाद्यांच्या तुकड्यांची फरशी, जिला चायना मोझॅक म्हणतात, तीही हेच काम करते. तेलंगण राज्याने तर २०२३ साली अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. मात्र किनारपट्टीवर एक अडचण असते. पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं आणि ते वाळून गच्ची काळी पडते. काळी गच्ची म्हणजे पुन्हा तापणारा तवा. म्हणून पावसाळा संपल्यावर गच्ची घासून घ्यायची आणि उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, चुन्याचा हात द्यायचा.

तिसरी पायरी, गळती बंद. जिथे पाणी साचतं, भेगा आहेत, छताला ओल आहे, तिथे आधी ती दुरुस्ती. ओल्या छताला आतून नवीन छत लावून झाकणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं! वरून सगळं सुंदर दिसतं आणि आत लोखंडी सळया गंजत राहतात.

चौथी पायरी, घोंगडी. आता रोधक थर. तो स्लॅबच्या वर घालणं सर्वांत चांगलं, कारण मग स्लॅब तापतच नाही. पाणी न शोषणारे, बंद कप्प्यांचे फोमचे जाड तक्ते गच्चीवर बसवतात. जलरोधक थर आणि वर सिमेंटचा किंवा लादीचा थर देऊन त्यांना झाकतात. जुन्या पद्धतीचा विटांच्या तुकड्यांचा कोबाही काही प्रमाणात उष्णता अडवतो, पण तो फार जड. १० सेंटिमीटर जाडीचा कोबा एका चौरस मीटरवर दीडशे किलोहून अधिक भार टाकतो. ५ सेंटिमीटरचा फोमचा तक्ता मात्र तेवढ्याच जागेत दोन किलोच्या आसपास! तरी त्याच्यावरच्या सिमेंटच्या थराचं वजन असतंच. तेव्हा जुन्या इमारतीवर काहीही नवीन भार टाकण्याआधी इंजिनिअरचा सल्ला हवाच. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची बांधकाम-तपासणी कायद्यानेच करावी लागते. त्या वेळी हा प्रश्नही विचारून घ्यावा.

गच्चीवर काम करणं शक्य नसेल तर खोलीच्या आतून जिप्समचं छत आणि त्याच्यावर रॉकवूलसारखा न पेटणारा थर देता येतो. पण दोन धोक्याच्या सूचना! उघड्या थर्मोकोलचे तक्ते छताला नुसते चिकटवू नका. थर्मोकोल पटकन पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. आणि घरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते स्वतः घासू, कापू, फोडू किंवा त्यांना भोकं पाडू नका. अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्याचे बारीक धागे श्वासावाटे फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी गंभीर आजार होऊ शकतात. हे काम जाणकारांचं.

पाचवी पायरी, वारा. एवढं सगळं करूनही थोडी उष्णता आत येणारच. चुलीची, दिव्यांची, आपल्या अंगाचीही उष्णता असतेच. तिला बाहेर जायला वाट हवी. गरम हवा वर जाते, म्हणून छताजवळचे झरोके बुजवू नका. पोटमाळ्यावर सामान कोंबून ते झाकून टाकू नका. बाहेर गार झालं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, डासांसाठी जाळी लावा. वातानुकूलन यंत्र असेल तेव्हा मात्र उलट: ते चालू असताना फटी बंद. टोपी घातलेल्या खोलीत ते यंत्रही कमी वेळ चालतं आणि विजेचं बिल हलकं होतं.

ज्यांचं घर चाळीत आहे, डोक्यावर साधा लोखंडी पत्रा आहे, त्यांनी काय करायचं? तिथेही पायऱ्या याच. पत्र्याला वरून पांढरा रंग, आणि पत्र्याखाली वीतभर पोकळी सोडून बांबूची चटई. चटईखालच्या माणसावर पत्र्याचं प्रारण थेट येत नाही. मात्र चटई पेटू शकते, म्हणून चूल, शेगडी आणि विजेच्या तारा तिच्यापासून लांब हव्यात.

करून पाहा

*प्रयोग १.* तीन सारख्या वाट्या घ्या. प्रत्येकीत बर्फाचे सारखे तुकडे ठेवून वर ताटली झाका. एक वाटी तशीच उघडी ठेवा. दुसरीला कोरडा टॉवेल गुंडाळा. तिसरीला तसाच टॉवेल भिजवून, पिळून गुंडाळा. दर दहा मिनिटांनी पाहा. कोणता बर्फ सर्वांत जास्त टिकला? कोरडा आणि ओला टॉवेल यांत फरक का पडला? उत्तर याच लेखात आहे!

*प्रयोग २.* चपलांचे दोन सारखे पुठ्ठ्याचे खोके घ्या. एकाच्या झाकणावर काळा कागद चिकटवा, दुसऱ्याच्या झाकणावर पांढरा. आत चॉकलेटचा एकेक तुकडा वाटीत ठेवा आणि दोन्ही खोके उन्हात ठेवा. कोणतं चॉकलेट आधी पातळ होतं? (प्रयोग संपल्यावर चॉकलेटचं काय करायचं, ते सांगायला नको!)

*प्रयोग ३.* हा खरा मोठ्या माणसांसारखा प्रयोग. खोलीचं तापमान मोजण्याचा तापमापक घ्या. तापाचा नव्हे हं! सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एका घरात आणि तळमजल्यावरच्या एका घरात तो सकाळी ८, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता वाचा. आठ दिवस वहीत नोंदी करा आणि आलेख काढा. गच्चीवर जायचं असेल तर मात्र मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि कठड्यापासून लांब राहा.

गच्ची कोणाची?

आता एक अवघड प्रश्न. तुम्ही म्हणाल, "एवढं सोपं आहे तर लोक करत का नाहीत?" त्याचं कारण विज्ञानात नाही, माणसांत आहे. सोसायटीच्या सभेत वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात, "गच्चीवर काहीतरी करूया, घरात राहवत नाही." खालच्या मजल्यावरचे म्हणतात, "आम्हाला तर गरम होत नाही. मग आम्ही पैसे का द्यायचे?" आणि विषय पुढच्या सभेवर जातो. तोवर उन्हाळा संपतो आणि सगळे विसरतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

गणपतीला, दिवाळीला, पतंग उडवायला गच्ची सर्वांची. आणि तिची उष्णता मात्र फक्त वरच्या घराची. हे बरोबर आहे का? तुम्हीच सांगा.

आणि खालच्या मजल्यांचाही यात फायदा असतो, तो कसा पाहा. रोज तापून प्रसरण पावणारा आणि रात्री निवून आकुंचन पावणारा स्लॅब हळूहळू भेगाळतो. भेगांतून पावसाचं पाणी शिरतं, सळया गंजतात, फुगतात, सिमेंटचे पोपडे पडतात. इमारत म्हातारी होते ती सर्वांचीच, फक्त वरच्या मजल्याची नाही. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे. तेव्हा शहाणा मार्ग हा, की गळतीच्या दुरुस्तीसाठी गच्ची उकरायची वेळ आली की त्याच कामात उष्णतारोधक थर आणि वरची पांढरी फरशीही उरकून घ्यायची. एकदा कोबा नवीन झाला की पुढची कितीतरी वर्षं ती संधी येत नाही.

केंद्र सरकारने २०१८ साली नव्या घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. छतातून किती उष्णता आत यावी, याला तिच्यात मर्यादा घालून दिली आहे. पण ती नव्या घरांसाठी. आपल्या जुन्या इमारतींची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

इथे तुमच्या वहीतल्या नोंदी कामाला येतील. "खूप गरम होतं हो" असं कोणी म्हटलं तर त्यावर वाद घालता येतो. पण रात्री दहा वाजता वर किती अंश आणि खाली किती अंश, असा आठ दिवसांचा आलेख समोर ठेवला तर त्याच्याशी वाद घालणं कठीण! तळमजल्यावरच्या मित्राने आणि वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने मिळून तो काढलेला असेल, तर मग विचारायलाच नको. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना किंवा काकूंना नम्रपणे विनंती करा, की पुढच्या सभेत पाच मिनिटं आम्हाला द्या.

आणि सभा होईपर्यंत काय? या रविवारी आई-बाबांना, शेजारच्या काका-काकूंना गोळा करा. एक झाडू, एक खराटा, एक बादली चुना. गच्चीचा एक कोपरा तरी घासून पांढरा करू द्या त्यांना. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून कालवायचं आणि फासायचं काम मोठ्यांचं. पाणी आणून द्यायचं आणि लिंबाचं सरबत करायचं काम तुमचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्यांना सांगा, पांढऱ्या कोपऱ्यावर आणि काळ्या कोपऱ्यावर तोच तापमापक पाच-पाच मिनिटं ठेवून वाचा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि खाली, जिन्याजवळच्या फळ्यावर, सर्वांना दिसतील असे मोठ्या अक्षरांत लावा.

मग, कधी घालताय तुमच्या घराला टोपी?